लाइट भगभगीत, सेल्फ मेलेला : वायरिंगनंतर चालू न झालेल्या ४०७ चं प्रकरण

गाडी : टाटा ४०७, २००१ चं मॉडेल. इंजिन ४९७, डिझेलचा पंप मेकॅनिकल, बारा व्होल्ट, एकच बॅटरी. इंजिन बंद करायला डॅशबोर्डवर ओढायचा स्टॉप नॉब.

तक्रार : पासिंगसाठी केबिनचं काम, रंग आणि नवीन वायरिंग झाल्यापासून सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) घेत नाही. माझ्याकडे येण्याआधी बॅटरी बदलून झाली होती, सेल्फ खोलून झाला होता आणि दोनदा टोचनही झालं होतं.

जूनचा तिसरा आठवडा होता. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आवक जोरात, आणि रात्री शंभर-सव्वाशे क्रेट घेऊन माळशेज उतरणारी गाडी तीन दिवस दारात उभी. मंगळवारी दुपारी गाडीचे मालक अण्णा ती पुतण्याच्या ट्रॅक्टरला बांधून गॅरेजवर घेऊन आले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्त्री, त्या वायरमननं गाडीची पार वाट लावली बघा. इतक्या वर्षांत कधी रुसली नव्हती ही."

अशा वेळी मी लगेच बॉनेट उघडत नाही. चहा मागवतो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं घडलं तसं लिहून काढतो. अण्णांना याचा राग येतो. "इथं माल सडतोय अन् तुम्ही निबंध लिहिताय," असं ते म्हणालेही. पण बिघडलेल्या गाडीबरोबर येणारी निम्मी माहिती मालकाच्या तोंडात असते, आणि ती त्याला माहिती वाटत नाही म्हणून तो सांगत नाही.

मी पहिला प्रश्न विचारला : नीट, स्वतःच्या सेल्फवर शेवटची कधी चालू झाली?

अण्णांनी उत्तर दिलं ते वायरमनबद्दल. शनिवारी रात्री त्यानं काम संपवलं, रविवारी सकाळी गाडी गेली. मी परत विचारलं, वायरमननं हात लावायच्या आधी कधी चालू केली होती? मग ते थांबले. रंगवाल्याकडे गेली तेव्हा चालवतच नेली होती. तिथं ती पंधरा दिवस होती. केबिनचं डेंटिंग झालं, रंग झाला, खाली चेसिसला काळा हात मारला. तिथंच वायरमन आला आणि तीन दिवसांत पुढपासून मागपर्यंत सगळी वायरिंग बदलली. या पंधरा दिवसांत कुणी तिला चावी मारलीच नव्हती.

म्हणजे चांगली गाडी आणि बिघडलेली गाडी यांच्या मध्ये दोन माणसं होती. दोष मात्र एकाच्या नावावर लागला होता, कारण तो शेवटचा होता. शेवटचा हात कुणाचा लागला हे सगळे विचारतात. मी शेवटची कधी नीट चालली ते विचारतो. दोन प्रश्न सारखे वाटतात, पण या गाडीत त्यांची उत्तरं वेगळी निघाली.

पुढचं ड्रायव्हर पोरानं सांगितलं. रविवारी पहाटे चावी फिरवली तर नुसतं "कट्". परत फिरवली, परत कट्. मध्येच एखाद्या वेळी इंजिन अर्धा हिसका खायचं आणि थांबायचं. त्यानं पंधरा-वीस वेळा मारून बघितलं. मग ट्रॅक्टरनं ओढली, दुसऱ्या गियरला टाकून क्लच सोडला आणि इंजिन पटकन धरलं. गाडी तशीच बाजारात नेली, पण भरायच्या वेळी हमाल ओरडले म्हणून त्यानं स्टॉप ओढून इंजिन बंद केलं. चूक झाली, असं तो स्वतःच म्हणाला. कारण नंतर ती सेल्फवर चालू होईना, आणि टोचन केली तरी होईना. पाचशे मीटर ओढली, चाकं फिरली, इंजिन फिरलं, धूरसुद्धा आला नाही.

मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. सकाळी टोचनवर चालू होते आणि दुपारी होत नाही. सेल्फ खराब असेल तर टोचनवर दोन्ही वेळा चालू व्हायला हवी. डिझेलची भानगड असेल तर सकाळीही व्हायला नको होती. म्हणजे सकाळ आणि दुपार यांच्या मध्ये दुसरं काहीतरी बिघडलं होतं. एका गाडीत एकाच दिवशी दोन बिघाड योगायोगानं होतात यावर माझा फारसा विश्वास नाही. पहिल्यातूनच दुसरा निघाला असणार, पण कसा, ते तेव्हा मला दिसत नव्हतं.

पोराकडून आणखी दोन गोष्टी निघाल्या, दोन्ही जाता जाता. एक, रविवारी सेल्फ मारताना केबिनमध्ये प्लास्टिक जळल्याचा वास येत होता. वायरमनला बोलावलं, त्यानं डॅशबोर्ड उघडून सगळी नवी वायरिंग चाचपली, एकही वायर गरम नव्हती. दुसरी, टोचनवर चालू झाल्यावर बाजारात जाताना हेडलाइट लावली की टेंपरेचरचा काटा थोडा वर सरकायचा आणि लाइट बंद केली की खाली यायचा. "नवीन वायरिंगमध्ये मीटर उलटं जोडलंय वाटतं," असं त्याचं म्हणणं.

सोमवारी अण्णांनी नवी बॅटरी घातली. तेच कट्. मग सेल्फ काढून सेल्फवाल्याकडे दिला. त्यानं कार्बन बदलले, बुश बदलले, टेबलावर बॅटरीला लावून दाखवला, भन्नाट फिरला. गाडीला बसवला, परत कट्. सेल्फवाल्यानं सांगितलं, माझा सेल्फ ओके. बॅटरीवाला म्हणाला, माझी बॅटरी नवी. वायरमननं मीटर लावून सगळीकडे पीप (दोन टोकं जोडलेली असली की मीटर वाजतं ते) वाजवून दाखवलं : पॉझिटिव्ह ओके, अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) ओके. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, ही या प्रकरणातली गंमत.

"आणि लाइट बघा मिस्त्री," अण्णा म्हणाले, "अशी लाइट या गाडीला कधी नव्हती." त्यांनी स्वतः स्विच टाकला. खरंच भगभगीत लाइट. इंडिकेटर टकटक, हॉर्न कानठळ्या बसवणारा, मागचे दिवेही पेटले. पोराला म्हटलं, लाइट चालू ठेवून चावी मार. सेल्फचा कट् झाला आणि लाइट जराशी मंद झाली, पण विझायला आली नाही.

इथं माझा अंदाज बांधला गेला.

बॅटरी उतरलेली असेल किंवा तिच्या टर्मिनलवर ढिलं असेल, तर सेल्फ मारताच लाइट पिवळी पडून मरते. इथं लाइट तग धरून होती, म्हणजे बॅटरीतून लाइटपर्यंतचा रस्ता मोकळा होता. सेल्फचा मात्र कुठंतरी अडला होता. आता या दोघांत फरक काय? लाइट केबिनला आणि चेसिसला अर्थ झालेल्या असतात. सेल्फ इंजिनला बोल्ट केलेला असतो, त्याचा अर्थ इंजिनच्या लोखंडातून जातो. आणि इंजिन चेसिसला थेट टेकलेलं नसतं, ते फाउंडेशनच्या रबरांवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला येतो, आणि चेसिसवरून इंजिनला करंट जायला नेमून दिलेली वाट एकच : गियरबॉक्सजवळची जाळीची अर्थपट्टी, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद.

काम करणारं सगळं रबराच्या एका बाजूला होतं, न करणारं दुसऱ्या. टेंपरेचरचा सेन्सरही इंजिनवरच बसतो. डायनामोसुद्धा इंजिनवर. हेडलाइट लावली की डायनामोला जास्त करंट द्यावा लागतो, तो करंट चेसिसमधून इंजिनकडे परततो, आणि त्या वाटेत अडथळा असेल तर इंजिनचं लोखंड चेसिसपेक्षा थोडं खालच्या व्होल्टेजवर जातं. मीटरला वाटतं सेन्सर जास्त करंट ओढतोय, म्हणजे इंजिन तापलंय. पोराला उलटं जोडलेलं वाटलेलं मीटर इमानदारीत तक्रार करत होतं.

अंदाज झाला, आता मोजायचं. हा भाग मी जरा विस्तारानं लिहितो, कारण याच ठिकाणी भले भले वायरमन फसतात, आणि मीही पहिली दहा वर्षं फसलो आहे.

मीटर डीसी व्होल्टवर, वीसच्या रेंजला. काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. टर्मिनलच्या क्लँपवर नाही, शिशाच्या खांबावरच, मधोमध. कारण खांब आणि क्लँप यांच्या मध्येही बिघाड लपतो. लाल सळई इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या एका बोल्टच्या डोक्यावर, दाबून. गाडी बंद असताना मीटर शून्य दाखवतं, आणि दाखवणारच, कारण करंट वाहत नाही. मग पोराला म्हटलं, मार आणि तीन सेकंद धरून ठेव.

६.६ व्होल्ट.

अण्णांना आकड्याचा अर्थ कळला नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी सापडलं हे कळलं. चांगल्या गाडीत इथं ०.२ च्या आसपास यायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मी खोलतो. मग उरलेलंही मोजून घेतलं. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खांबांमध्ये ११.०. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.४. सेल्फचा तो बोल्ट आणि सेल्फची बॉडी यांच्या मध्ये ४.०. बेरीज करा : ०.४ अधिक ४.० अधिक ६.६ बरोबर ११.०. हिशेब जुळला की मला बरं वाटतं. जुळला नाही तर कुठंतरी सळई चुकीच्या जागी टेकलेली असते. बिचाऱ्या सेल्फला अकरातले चारच व्होल्ट मिळत होते. टेबलावर भन्नाट फिरणारा सेल्फ गाडीत का फिरत नव्हता याचं उत्तर हेच. टेबलावर त्याला रबर मध्ये नव्हतं.

आता पीपचा मुद्दा. मीटरचं पीप वाजतं ते वीस-तीस ओहमच्या खाली काहीही असलं तरी. शंभर तारांच्या केबलमधल्या नव्व्याण्णव तुटल्या आणि एक उरली, तरी पीप वाजतं. सेल्फला मात्र शेकडो अँपियर लागतात. माझ्याकडे डीसी मोजणारा क्लँप मीटर आहे (स्वस्तातले बहुतेक क्लँप फक्त एसी मोजतात, घेताना बघून घ्या), त्यावर त्या वेळी २६० अँपियर दिसत होते. ६.६ ला २६० नं भागलं तर येतो सुमारे ०.०२५ ओहम. मीटरच्या दोन सळयांच्या वायरींचाच अडथळा याच्या दसपट असतो! म्हणजे ओहमवर टाकून हा बिघाड साध्या मीटरला दिसणंच शक्य नाही. वायरमननं पीप वाजवून "अर्थ ओके" म्हटलं ते खोटं नव्हतं. त्यानं विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. टेस्ट लँपनंही हेच होतं. हेडलाइटचा बल्ब पाचेक अँपियर घेतो. तेवढ्या करंटला ०.०२५ ओहममध्ये जेमतेम सव्वाशे मिलिव्होल्ट पडतात, बल्ब लख्ख पेटतो. बैल जाईल एवढ्या फटीतून नांगर जात नाही, असं आमचे उस्ताद म्हणायचे.

आणखी एक गुणाकार केला आणि त्यावर मीच चमकलो. ६.६ गुणिले २६० म्हणजे सतराशेच्या वर वॅट. घरातला पाणी तापवायचा गिझर साधारण एवढाच घेतो. सेल्फ धरलेला असताना त्या अर्थच्या वाटेत कुठंतरी गिझरएवढी उष्णता निघत होती. जळका वास नव्या वायरिंगला नव्हताच. मग कशाला होता?

हा प्रश्न तसाच ठेवून आधी जंपर केबल घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट सेल्फच्या बसवणीच्या बोल्टला. पोरानं चावी मारली आणि इंजिन गरागरा फिरायला लागलं. अण्णा उठून उभे राहिले. टोमॅटोचे क्रेट डोळ्यांपुढं आले असतील. पण इंजिन नुसतंच फिरत राहिलं. धूर नाही, पेट घेणं नाही. दहा सेकंदांनी थांबवलं.

"परत काय झालं?" अण्णा म्हणाले. मी म्हटलं, "हा दुपारचा बिघाड, अण्णा. सकाळचा संपला."

आधी सकाळचा नीट संपवून घेतला. खाली झोपून टॉर्च मारला तर चेसिस नव्या कोऱ्या बुटासारखी काळीभोर चमकत होती. अर्थपट्टीचा बोल्ट १७ च्या पान्यानं खोलला. पट्टीच्या डोळ्याखाली चेसिसवर आधी राखाडी प्रायमर, त्यावर काळा रंग, नखानं सुटणार नाही इतका घट्ट. रंगवाल्यानं पट्टी अडचण होते म्हणून सोडली, खाली छान रंग मारला, वाळल्यावर पट्टी जागेवर लावून टाकली. काम त्यानं नेकीनं केलं होतं. फक्त लोखंडाला लोखंड टेकत नव्हतं. बोल्टच्या आट्यांवर जिथं रंग खरवडला गेला होता तेवढ्याच चार-दोन टाचण्यांएवढ्या जागेतून पट्टीतला करंट चालला होता. बोल्टच्या कडेला रंगाला बुडबुडे आले होते, तव्यावर पापड फुगतो तसे. पट्टीही म्हातारी झाली होती, एका टोकाला निम्म्या तारा तुटून हिरव्या पडल्या होत्या. पण तशा पट्टीवर गाडी पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत सुरळीत चालू होत होती, म्हणून सगळा दोष तिच्या माथी मारता येत नाही.

कानस आणि पॉलिश पेपरनं चेसिस रुपयाएवढी पांढरी केली. नवी पट्टी, खाली दातेरी वॉशर, बोल्ट ताणून घट्ट, वरून व्हॅसलिनचा हात. आणि त्याशिवाय ५० चौरस मिलिमीटरची एक तांब्याची केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून सरळ सेल्फच्या बोल्टला टाकली. कंपनीची तशी सोय या गाडीत नव्हती, पण जुन्या गाडीत मी चेसिसच्या भरवशावर बसत नाही. केबल कापल्यावर एक तार चाकूनं खरवडून बघितली. हल्ली वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी केबल सर्रास मिळते. खरवडल्यावर आत पांढरी निघाली की परत द्यायची. ही आरपार लाल होती.

परत मोजलं : सेल्फ फिरताना अर्थच्या बाजूला ०.१५.

आता इंजिन का पेट घेत नाही. मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला चालायला वीज लागतच नाही; चावी बंद केली तरी ते चालूच राहतं, म्हणून तर बंद करायला वेगळा नॉब. त्यामुळे वायरिंगकडे बघायचं कारणच नव्हतं. अण्णा मात्र अजून वायरमनवरच होते. पहिल्या इंजेक्टरच्या पाइपचं नट ढिलं केलं आणि सेल्फ मारला. डिझेलचा थेंब नाही. फीड पंप हातानं मारून एअर काढायचा स्क्रू उघडला, तर तिथं स्वच्छ, बुडबुड्याशिवाय डिझेल. म्हणजे पंपात येतं, पंपातून बाहेर पडत नाही. हे एकाच कारणानं इतकं चोख होतं : पंप स्टॉपवर आहे.

डॅशबोर्डवर बघितलं, नॉब पूर्ण आत. पंपाकडे बघितलं, स्टॉपचा दांडा ओढलेल्या जागेवर. मधली केबल दोघांना वेगवेगळं सांगत होती. मी बोटानं दांडा मागं ढकलायला गेलो, तो हलेना. केबल पंपाच्या टोकाला सोडल्यावर मात्र स्प्रिंगनं दांडा टकदिशी आपल्या जागी गेला. मग केबल बाहेर ओढून काढली. पोलादी वेटोळ्यावरचं काळं कवच मध्यभागी हातभर वितळून चपटं झालेलं, काही ठिकाणी वेटोळं उघडं पडलेलं आणि निळं-जांभळं झालेलं, लोखंड तापलं की होतं तसं. आतली तार त्या भागात चिकटून बसली होती. एक टोक पक्कडीत धरून दोघांनी ओढली तरी सरकेना. नॉबच्या बाजूला तार आतल्या आत वाकून गोळा झाली होती, म्हणून नॉब आत गेल्यासारखा दिसत होता.

गिझर सापडला.

इंजिनला चेसिसशी जोडणारी खरी वाट रंगानं अडवली, तेव्हा करंटनं दुसऱ्या वाटा शोधल्या. इंजिन आणि केबिन यांना जोडणारं लोखंड आणखी काय आहे? एक स्पीडोमीटरची केबल, दुसरी ही स्टॉपची. पंपावर एक टोक, डॅशबोर्डच्या पत्र्यावर दुसरं. रविवारी पहाटे पोरानं पंधरा-वीस वेळा सेल्फ मारला, प्रत्येक वेळी शेकडो अँपियरपैकी बराचसा भाग या बोटभर जाडीच्या केबलनं वाहून नेला. आतलं प्लास्टिक मऊ झालं. टोचनवर गाडी चालू झाली तेव्हा केबल अजून गरम होती, पुढं डायनामोचा करंटही तिच्यातूनच परतत राहिला, म्हणून ती थंड झाली नाही. बाजारात पोरानं स्टॉप ओढला, गरम लोण्यातून सुरी जावी तशी तार सरकली, इंजिन बंद झालं. मग केबल थंड झाली आणि प्लास्टिकनं तार तिथंच धरून ठेवली. दुपारी टोचन करून काय उपयोग, पंपाला बंद राहायचा हुकूम तसाच चालू होता.

वायरमननं वास शोधताना आपल्या नव्या वायरी चाचपल्या. स्टॉपची केबल त्यांच्या शेजारूनच जाते. पण ती वायर नाही, म्हणून तिला कुणी हात लावला नाही. मी असतो तर लावला असता का? खात्रीनं सांगता येत नाही.

अण्णांच्या मनातला राग आता रंगवाल्याकडे वळला. फोन लावायला निघाले होते, मी थांबवलं. पट्टीच्या जागी रंग लावू नये हे रंगवाल्याला कुणी सांगितलं होतं? वायरमनचं काम केबिन आणि मागचे दिवे एवढंच ठरलं होतं, जाड केबल त्याच्या ठरावात नव्हत्या. दोघांच्या कामाच्या मध्ये ती पट्टी पडली. माझं म्हणणं इतकंच की ज्यानं रविवारी मीटर हातात घेतलं त्यानं ते सेल्फ मारताना लावायला हवं होतं. ते मी वायरमनला फोनवर सांगितलं. तो तरुण आहे, आधी "दादा, पीप वाजत होतं" म्हणत राहिला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "खांबावर लावायची ना काळी सळई? क्लँपवर नाही?" म्हटलं, खांबावर.

स्टॉपची केबल त्या संध्याकाळी मिळाली नाही. नारायणगावात दोन दुकानं फिरून झाली, लांबी जुळेना. गाडी तर रात्री भरायचीच होती. मग पंपाच्या दांड्याला सुतळी बांधली, फायर वॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याच्या) भोकातून आत घेतली आणि क्लचच्या पायापासून लांब, सीटच्या कडेला गाठ मारून ठेवली. पोराला तीनदा चालू-बंद करून दाखवायला लावलं. चावी फिरवली की दुसऱ्या फेऱ्यात इंजिन धरत होतं. हेडलाइट लावून टेंपरेचरचा काटा बघितला, जागचा हलला नाही. डायनामो १४.१ देत होता. सोमवारी घातलेली नवी बॅटरी अण्णांनी गाडीतच राहू दिली आणि जुनी, जी मुळात चांगली होती, घरच्या इनव्हर्टरला न्यायची ठरवली. ट्रकची बॅटरी इनव्हर्टरला फार दिवस टिकत नाही, ती खोल उतरायला बनवलेलीच नसते, हे सांगितलं, ऐकलं नाही.

साडेआठला गाडी पाऊस अंगावर घेत बाजाराकडे गेली. गुरुवारी सकाळी वाशीहून परतताना पोरानं कल्याणहून केबल आणली होती, ती बसवली. सुतळी काढताना म्हणाला, "काका, ही राहू द्या की, बरी वाटते हाताला." काढून टाकली. काळी सळई खांबावर, लाल ब्लॉकवर, परत एकदा मोजलं. ०.१५.